30-3 : बाल्टिमोरचे चाहते हा पराभव अजून का सांगतात

22 ऑगस्ट 2007 रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या कॅम्डेन यार्ड्स मैदानावर बेसबॉलच्या सामन्यात यजमान ओरिओल्स संघ तीन डावांनंतर 3-0 असा पुढे होता. त्यांचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, डॅनियल कब्रेरा तोवर नीट फेकत होता. त्याच दिवशी संघाने आपले हंगामी मॅनेजर डेव्ह ट्रेम्बली यांना पुढच्या वर्षासाठीही ठेवत असल्याचं जाहीर केलं होतं. सामना संपला तेव्हा फलकावर आकडे होते : टेक्सास रेंजर्स 30, बाल्टिमोर ओरिओल्स 3.

बेसबॉलमध्ये फलंदाज तीन बेस, म्हणजे थांबे, पार करून सुरुवातीच्या जागी, ‘घरी’, परतला की एक धाव होते. एका सामन्यात एक संघ अशा साधारण पाच धावा करतो. दहा झाल्या तर फलंदाजांचा दिवस, पंधरा झाल्या तर दुसऱ्या दिवशी मोठा मथळा. एका संघाच्या तीस धावा याआधी झाल्या होत्या त्या 1897 साली. म्हणजे 110 वर्षं आणि लाखाहून जास्त सामने गेले, तेव्हा कुठे हा आकडा पुन्हा दिसला.

रेंजर्स त्या वर्षीचा दादा संघ असता तर एक वेळ समजून घेता आलं असतं. पण ते आपल्या गटात तळाला होते आणि तो हंगाम त्यांनी 75 विजय, 87 पराभव असा संपवला. त्या दिवशी सर्वांत जास्त मारलं तेही त्यांच्या फलंदाजीच्या क्रमवारीतल्या शेवटच्या दोघांनी. जॅरड सॉल्टालामाकिया आणि रॅमॉन वास्केझ यांनी प्रत्येकी दोन होम रन, म्हणजे मैदानाबाहेर जाणारे फटके, ठोकले आणि प्रत्येकी सात धावा घरी आणल्या. मार्लन बर्ड आणि ट्रॅव्हिस मेटकाफ यांनी तिन्ही बेस भरलेले असताना होम रन मारला, म्हणजे एकेका फटक्यात चार-चार धावा. चार पिचर आले, चौघांनीही मार खाल्ला.

तळाचा संघ घरच्या संघाला असं कसं चिरडतो, हा एक प्रश्न. आणि ओरिओल्सचे चाहते त्या दिवसाबद्दल इतक्या आवडीने कसे बोलतात, हा दुसरा. मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. पण पहिला सुटल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नाही.

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. एकदिवसीय सामन्यात समोरचा संघ कितीही झोडत असला तरी 300 चेंडू संपले की डाव संपतो. कसोटीत षटकांची मर्यादा नसली तरी कर्णधार डाव घोषित करू शकतो, आणि अखेरीस दिवस तरी मावळतो. बेसबॉलमध्ये यातलं काहीही नाही. प्रत्येक संघाचे नऊ छोटे डाव असतात आणि प्रत्येक डावात तीन फलंदाज बाद करावे लागतात. तीन बाद होईपर्यंत समोरचा संघ खेळतच राहतो. नऊ जणांची क्रमवारी संपली की पहिला पुन्हा बॅट घेऊन उभा. डावाला वेळेची मर्यादा नाही, चेंडूंची मर्यादा नाही आणि ‘पुरे झालं’ म्हणून डाव सोडायची सोयही नाही. मार खाणाऱ्या संघाला बाहेर पडायचा मार्ग एकच : आणखी तीन जणांना बाद करा.

रेंजर्सच्या तीस धावा नऊ डावांत सारख्या पसरलेल्या नव्हत्या. पाच डावांत त्यांना एकही धाव मिळाली नाही. चौथ्या डावात 5, सहाव्यात 9, आठव्यात 10 आणि नवव्यात 6 अशा चारच डावांत सगळं झालं. बेसबॉलमध्ये धावा अशाच लोंढ्याने येतात आणि त्यामागे ठोस कारणं आहेत. बेसवर कोणी नसताना पिचर संपूर्ण शरीर वापरून, निवांत लयीत फेकतो. पहिल्या बेसवर धावपटू उभा राहिला की त्याला आखूड हालचालीत फेकावं लागतं, नाहीतर धावपटू पुढचा बेस चोरतो, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळून गाठतो. त्या धावपटूला बांधून ठेवायला पहिल्या बेसचा क्षेत्ररक्षक बेसला चिकटून उभा राहतो, आणि त्याच्या बाजूला मोकळी जागा तयार होते. तिन्ही बेस भरले तर पिचरची खरी कोंडी होते. आता चार चेंडू बाहेर गेले तर फलंदाज चालत पहिल्या बेसवर जाणार आणि एक धाव फुकटात द्यावी लागणार. त्यामुळे चेंडू स्ट्राइकच्या पट्ट्यात, म्हणजे फलंदाजाच्या टप्प्यात, टाकावाच लागतो, आणि हे बॅट घेऊन उभ्या असलेल्या माणसालाही पक्कं ठाऊक असतं. पहिल्या दोन-तीन फलंदाजांमुळे पुढच्या पाचांचं काम सोपं होतं ते असं.

त्या दिवशी स्टँडमध्ये बसून पेन्सिलीने स्कोअरकार्ड भरणाऱ्या चाहत्यांचं काय झालं असेल, याचा मी बरेचदा विचार करतो. ही जुनी सवय अमेरिकेत अजून टिकून आहे. मोठ्या कागदावर डावीकडे एकाखाली एक नऊ फलंदाजांची नावं लिहितात आणि वर एक ते नऊ डावांचे उभे रकाने आखलेले असतात. प्रत्येक चौकोनात एक छोटा हिरा छापलेला असतो. फलंदाज ज्या बेसपर्यंत पोहोचला तिथपर्यंत हिऱ्याची बाजू गिरवायची आणि तो घरी परतला की हिरा पूर्ण काळा करायचा. मैदानावरच्या प्रत्येक जागेला क्रमांक असतो. पिचर 1, फलंदाजामागचा कॅचर 2 असं करत उजव्या कोपऱ्यापर्यंत 9. शॉर्टस्टॉपने, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने, चेंडू पहिल्या बेसवर फेकून फलंदाज बाद केला तर 6-3 लिहायचं.

आता आठवा डाव बघा. दहा धावा झाल्या आणि तीन जण बाद झाले, म्हणजे त्या एका डावात किमान तेरा जण बॅट घेऊन आले. रकान्यात चौकोन नऊच. दहाव्या माणसाची नोंद नवव्या डावाच्या रकान्यात सरकवावी लागते, वरचा 9 खोडून तिथे पुन्हा 8 लिहावा लागतो आणि पुढचे सगळे रकाने ढकलावे लागतात. पूर्ण सामन्याचा हिशोब केला तर तीस धावा आणि सत्तावीस बाद, म्हणजे रेंजर्सचे फलंदाज कमीत कमी 57 वेळा खेळायला आले. क्रमवारी सहा वेळा पूर्ण फिरून वर आणखी तिघे. एरवी फलंदाजाच्या वाट्याला दिवसाला चार, फार तर पाच संधी येतात. ज्याने तो कागद शेवटपर्यंत भरला असेल, त्याच्या पेन्सिलीचं टोक अर्ध्यातच झिजलं असणार. असा कागद कोणी फेकून देत नाही.

मॅनेजरने काहीच का केलं नाही, असं कोणालाही वाटेल. त्याचं उत्तर त्याच संध्याकाळी होतं. त्या दिवशी याच दोन संघांचे एकापाठोपाठ दोन सामने ठेवलेले होते आणि 30-3 हा त्यातला पहिला होता. बेसबॉलचा हंगाम 162 सामन्यांचा असतो, जवळजवळ रोज सामना. सुरुवात करणारा पिचर एकदा फेकला की चार दिवस विश्रांती घेतो. नंतर येणाऱ्या बदली पिचरनाही रोज रोज फेकवता येत नाही, खांदा आणि कोपर साथ देत नाहीत. त्यामुळे सामना हातातून गेलाय हे एकदा दिसलं की मॅनेजर आपले चांगले पिचर झाकून ठेवतो आणि उरलेल्यांपैकी एकाला पुढे करतो. त्याचं काम जिंकून देण्याचं नसतं, बाकीचे डाव भरून काढण्याचं असतं. तो दमला तरी त्याला सहजासहजी काढत नाहीत. त्याला काढलं तर उद्याचा माणूस आज वापरावा लागतो.

फलकावरचा आकडा वाढत जातो तेव्हा बाहेरून ते शरणागतीसारखं दिसतं. प्रत्यक्षात तो थंड डोक्याने केलेला हिशोब असतो. गुणतक्त्यात 4-3 ने हरा की 30-3 ने, एक सामना गेला एवढंच लिहिलं जातं. मग हरलेल्या सामन्यात चांगला पिचर कशाला जाळायचा? ट्रेम्बली यांच्या जागी दुसरा कोणी असता तरी त्याने हेच केलं असतं, असं माझं मत आहे. दुसरा सामना ओरिओल्सनी चांगला लढवला, तरीही 9-7 असा गमावलाच. रेंजर्सनी दोन सामन्यांत मिळून 39 धावा केल्या.

त्या दुपारची आणखी एक नोंद चाहते हमखास सांगतात. रेंजर्सचा वेस लिटलटन सातव्या डावात आला तेव्हा त्याचा संघ 14-3 असा पुढे होता. त्याने शेवटचे तीन डाव टाकले आणि नियमाप्रमाणे त्याच्या नावावर ‘सेव्ह’ लागला. सेव्ह म्हणजे आघाडी राखून सामना वाचवल्याचं श्रेय. एरवी ते तीन किंवा त्याहून कमी धावांची आघाडी टिकवणाऱ्याला मिळतं. पण नियमात आणखी एक कलम आहे. शेवटचे किमान तीन डाव एकाच माणसाने नीट टाकून सामना संपवला, तर आघाडी कितीही असली तरी त्याला सेव्ह देता येतो. तर लिटलटनने 27 धावांनी जिंकलेला सामना ‘वाचवला’. कलम योग्यच आहे असं मला वाटतं. तीन डाव टाकून त्याने संघातल्या बाकीच्या बदली पिचरना विश्रांती मिळवून दिली, आणि संध्याकाळी पुन्हा सामना होता.

एवढी आघाडी असताना समोरच्याला किती मारायचं, हा बेसबॉलमधला जुना वाद आहे. पुस्तकात कुठेही न लिहिलेले काही संकेत खेळाडू पाळतात. सामना एकतर्फी झाला की बेस चोरू नये, हा त्यातला एक. पिचरचे पहिले तिन्ही चेंडू बाहेर गेले असतील तर चौथ्यावर बॅट फिरवू नये, हा दुसरा. 17 ऑगस्ट 2020 रोजी सॅन डिएगोचा फर्नांडो टाटिस ज्युनियर याने हा दुसरा संकेत मोडला. त्याचा संघ आठव्या डावात 10-3 असा पुढे होता, तिन्ही बेस भरलेले होते आणि तीन चेंडू बाहेर गेलेले होते. त्याने चौथा चेंडू थेट प्रेक्षकांत पाठवला. समोरचा संघ होता टेक्सास रेंजर्स! त्यांचे मॅनेजर क्रिस वुडवर्ड नाराज झाले, आणि रेंजर्सच्या पुढच्या पिचरने पुढच्या फलंदाजाच्या पाठीमागून चेंडू टाकला. त्या पिचरला आणि वुडवर्ड यांना लीगने निलंबित केलं. लोकांचा कल मात्र बराचसा टाटिसकडे होता. माझाही आहे. ज्या खेळात आघाडीवरच्या संघाला डाव सोडता येत नाही, त्या खेळात फलंदाजाला मारू नकोस म्हणणं अन्यायाचं आहे. उद्या तोच संघ नऊ धावांची पिछाडी भरून काढणार नाही, याची हमी कोणी देत नाही.

मग दहा-पंधरा धावांचा फरक पडला की सामना थांबवावा, असा नियम का करत नाहीत? काही स्पर्धांमध्ये तो आहे. वर्ल्ड बेसबॉल क्लासिकच्या साखळी सामन्यांत पाच डावांनंतर पंधरा किंवा सात डावांनंतर दहा धावांची आघाडी असेल तर तिथेच सामना संपतो. मेजर लीगने, म्हणजे हे संघ खेळतात त्या सर्वोच्च लीगने, हा मार्ग घेतला नाही. तिथे पिचर नसलेल्या खेळाडूला फेकायला उभं करण्याची रीत आहे. शॉर्टस्टॉप नाहीतर बदली कॅचर येऊन हळू चेंडू टाकतो आणि खऱ्या पिचरचे खांदे वाचतात. हे अती व्हायला लागलं तेव्हा लीगने 2023 पासून मर्यादा घट्ट केली. आता आठ किंवा अधिक धावांनी मागे असलेल्या संघालाच हे केव्हाही करता येतं. आघाडीवरच्या संघाला ते फक्त नवव्या डावात, दहा किंवा अधिक धावांनी पुढे असेल तरच करता येतं. जादा डावांत कोणालाही मुभा आहे.

2007 मध्ये दहा धावांचा नियम असता तर त्या दिवशी सात डावांनंतर 14-3 वर पंचांनी सामना थांबवला असता. नंतरच्या सोळा धावा झाल्याच नसत्या. खेळाडू लवकर सुटले असते, पिचरची बेअब्रू टळली असती. आणि तो सामना आज एकाही चाहत्याला आठवला नसता, कारण 14-3 असा पराभव बहुतेक संघांच्या वाट्याला अधूनमधून येतोच. इथून दुसरा प्रश्न सुरू होतो.

चाहत्याला पराभवाचं दुःख किती होतं, हे फरकावरून ठरत असतं तर 30-3 ही ओरिओल्सची सर्वांत खोल जखम असती. तशी ती नाही. त्याच वर्षी 13 मे रोजी, मदर्स डेच्या दिवशी, बॉस्टनच्या फेनवे पार्कवर काय झालं ते बघा. जेरेमी गथ्रीने आठ डाव बॉस्टनला एकही धाव दिली नव्हती. ओरिओल्स 5-0 असे पुढे होते. नवव्या डावात एक जण बाद झाला, मग एक उंच उडालेला सोपा झेल कॅचरच्या हातून सुटला. गथ्रीचे जेमतेम 91 चेंडू झाले होते, तरी तेव्हाचे मॅनेजर सॅम पर्लोझो यांनी त्याला बाहेर काढलं. बदली पिचरना शेवटचे दोन बळी काही मिळाले नाहीत. बॉस्टनने त्या डावात सहा धावा करून सामना 6-5 असा जिंकला. पर्लोझो यांची नोकरी जूनमध्ये गेली. त्या दिवसाचा विषय काढला की ओरिओल्सच्या चाहत्याचा आवाज अजूनही चढतो.

आणखी मागे जायचं तर 9 ऑक्टोबर 1996. न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा पहिला सामना. आठव्या डावात डेरेक जिटरने उजवीकडे उंच फटका मारला. ओरिओल्सचा टोनी टरास्को कुंपणाला पाठ लावून झेलाच्या तयारीत होता, तेवढ्यात स्टँडमधल्या बारा वर्षांच्या मुलाने ग्लोव्ह लावलेला हात पुढे काढून चेंडू आपल्याकडे ओढला. पंचांनी होम रन दिला, सामना बरोबरीत आला आणि यँकीजनी अकराव्या डावात 5-4 असा जिंकला. बाल्टिमोरमध्ये त्या पोराचं नाव आजही लोकांना पाठ आहे.

एका धावेचे हे दोन पराभव सत्तावीस धावांच्या पराभवापेक्षा जास्त का दुखतात? मानसशास्त्रात यावर अभ्यास झालेला आहे. 1995 साली व्हिक्टोरिया मेडवेक, स्कॉट मॅडी आणि थॉमस गिलोविच या संशोधकांनी 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या पदकविजेत्यांचे चेहरे तपासले. रौप्यपदक मिळालेल्यांपेक्षा कांस्यपदक मिळालेले जास्त आनंदी दिसले. दुसरा आलेला माणूस हुकलेल्या सुवर्णाचा विचार करत असतो. तिसऱ्याच्या डोळ्यासमोर चौथा क्रमांक असतो, आपण रिकाम्या हाताने परतलो नाही हे समाधान असतं. माणूस निकालाची तुलना करतो ती सर्वांत जवळच्या ‘असं झालं असतं तर’ बरोबर.

मदर्स डेच्या पराभवात जर-तर पावलोपावली आहे. झेल सुटला नसता तर, गथ्रीला ठेवलं असतं तर. 1996 मध्ये तर एकाच हाताएवढं अंतर आहे. 30-3 मध्ये असं एकही वळण शोधून सापडत नाही. कोणता पिचर बदलला असता म्हणजे सामना वाचला असता? कोणताही नाही. कोणाला दोष द्यावा असा एक माणूस नाही, रात्री अंथरुणावर पडून पुन्हा पुन्हा आठवावा असा एक चेंडू नाही. रागाला धरून बसायला जागाच मिळत नाही. त्यामुळे राग लवकर ओसरतो आणि मागे उरतो तो प्रसंग, तोही शंभर वर्षांतून एकदा घडणारा. चाहता तो सांगतो ते आपण काहीतरी अजब पाहिलं म्हणून.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती जिव्हाळ्याची वाटते. 1976 साली रॉबर्ट चियाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन विद्यापीठांमधला एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी वर्गात विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढायचे. फोनवर सामन्याबद्दल विचारलं तर जिंकल्यावर ‘आपण जिंकलो’ हे जास्त ऐकू यायचं, हरल्यावर ‘ते हरले’. यश आपलं, अपयश त्यांचं. ही माणसाची सर्वसाधारण रीत झाली. आता 30-3 बद्दल बोलणारा ओरिओल्सचा चाहता ऐका. तो म्हणतो, ‘आम्ही तीस खाल्ल्या.’ सगळे अंग काढून घेतात तिथे तो स्वतःहून आत शिरतो. ज्याने संघ सोडला नाही त्यालाच हे वाक्य बोलता येतं, आणि त्याला ते ठाऊक असतं. त्या काळात संघ सोडायला कारणं कमी नव्हती. त्या तीस धावांनंतर दहाच दिवसांनी, 1 सप्टेंबरला, बॉस्टनच्या क्ले बुकहोल्झने ओरिओल्सला अख्ख्या सामन्यात एकही हिट, म्हणजे बेसवर पोहोचवणारा फटका, मिळू दिला नाही, आणि तो त्याचा मेजर लीगमधला फक्त दुसरा सामना होता. 1998 ते 2011 अशी सलग चौदा वर्षं संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त राहिले.

बाल्टिमोरला ही निष्ठा जुन्या काळापासून ठाऊक आहे. 1988 चा हंगाम ओरिओल्सनी सलग 21 पराभवांनी सुरू केला. सहा सामन्यांनंतरच मॅनेजर कॅल रिपकेन सीनियर यांना काढलं, त्यांच्या जागी फ्रँक रॉबिन्सन आले, तरी पराभव थांबेनात. बॉब रिव्हर्स नावाच्या शहरातल्या रेडिओ निवेदकाने संघ जिंकेपर्यंत माइक सोडणार नाही असं जाहीर केलं आणि दहा दिवसांहून अधिक काळ तो तिथेच राहिला. 2 मे रोजी संघ घरी परतला तेव्हा खात्यावर एक विजय आणि 23 पराभव होते. त्या सोमवारी रात्री मेमोरियल स्टेडियमवर 50,402 माणसं आली. गुणतक्त्यात काहीही उरलं नव्हतं आणि तरीही पन्नास हजार माणसं तिकीट काढून आली. ओरिओल्स 9-4 जिंकले. समोर होते टेक्सास रेंजर्स. त्याच रात्री मैदानावरून नव्या स्टेडियमच्या कराराची घोषणा झाली. पुढे तेच कॅम्डेन यार्ड्स म्हणून 1992 मध्ये उभं राहिलं, आणि तिथेच पंधरा वर्षांनी तीस धावा झाल्या.

आपल्याकडच्या जुन्या क्रिकेटप्रेमींना हे वेगळं सांगायला नको. जून 1974, लॉर्ड्स. अजित वाडेकरांचा संघ 17 षटकांत 42 धावांत गारद झाला आणि भारत एक डाव आणि 285 धावांनी हरला. त्या 42 मध्ये एकनाथ सोलकर नाबाद 18. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना 1971 चे विजय जेवढे लख्ख आठवतात तेवढाच हा 42 आठवतो, आणि ‘सोलकर मात्र उभा राहिला’ हे वाक्य त्याला जोडूनच येतं. वाडेकरांची कर्णधारपदाची कारकीर्द त्या दौऱ्याबरोबर संपली. तेव्हा संताप प्रचंड झाला होता, कारण तीन वर्षांपूर्वी याच कर्णधाराने इंग्लंडमध्ये मालिका जिंकून दाखवली होती आणि अपेक्षा आकाशाला टेकल्या होत्या. 2007 च्या ओरिओल्सकडून कोणाची फारशी अपेक्षा नव्हती. इंग्लंडमधल्या त्या उन्हाळ्यात आणि बाल्टिमोरच्या त्या दुपारी हाच मोठा फरक आहे.

विक्रमांच्या यादीत या पराभवाची एक वंशावळ दिसते, तीही सांगितली पाहिजे. 2007 पूर्वी विसाव्या शतकापासूनचा विक्रम होता 29 धावांचा. 8 जून 1950 रोजी बॉस्टन रेड सॉक्सने सेंट लुइस ब्राउन्सला 29-4 असं हरवलं होतं. आदल्याच दिवशी 20-4 असं हरवून झालं होतं, म्हणजे दोन दिवसांत 49 धावा. हेच ब्राउन्स 1954 मध्ये सेंट लुइस सोडून बाल्टिमोरला आले आणि त्यांचं नाव झालं ओरिओल्स. एकाच घराण्याच्या नशिबी दोन्ही आले. मधे 1955 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सनेही कॅन्सस सिटीत 29 धावा केल्या, आणि 2020 मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जने मायामीला 29-9 असं हरवलं. पण तीसचा आकडा अजून रेंजर्सकडेच आहे. 1897 चा 36-7 हा पराभव लुइव्हिलच्या संघाचा होता. शिकागोने तो केला. 1899 च्या हंगामानंतर लीगने बारा संघांचे आठ केले, त्यात लुइव्हिल गेलं. तो पराभव ‘आमचा’ म्हणणारा एकही चाहता आज नाही, म्हणून इतिहासातला सर्वांत मोठा आकडा असूनही तो फक्त पुस्तकात राहिला आहे.

ओरिओल्स आणि रेंजर्स यांची गाठ पुढेही पडत राहिली. 5 ऑक्टोबर 2012 रोजी टेक्सासमध्ये जाऊन ओरिओल्सनी त्यांना 5-1 असं हरवलं आणि 1997 नंतर प्रथमच बाद फेरीतला सामना जिंकला. 2023 मध्ये ओरिओल्सनी 101 सामने जिंकले, आणि बाद फेरीत समोर पुन्हा रेंजर्स. तिन्ही सामने रेंजर्सनी घेतले आणि पुढे त्यांनी पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकली. त्यातला पहिला सामना कॅम्डेन यार्ड्सवर 3-2 असा गेला. नवव्या डावाच्या सुरुवातीलाच गनर हेंडरसन हिट मारून पहिल्या बेसवर पोहोचला होता. कोणीही बाद नव्हतं, एक धाव हवी होती. तो दुसऱ्या बेसकडे धावला आणि बाद झाला. तो पळाला नसता तर काय झालं असतं यावर बाल्टिमोरमध्ये अजून वाद होतात, आणि त्या वादात मलाही शांत बसवत नाही. 30-3 बद्दल कोणी विचारलं तर मात्र मी चौथ्या डावापासून सगळं सांगायला केव्हाही तयार आहे.